गळकं स्टेअरिंग

आमच्या गाडीखालचा पहिला लाल डाग सगळ्यांत आधी हीरालालशेटना दिसला. शेट आमच्या समोर राहतात. सरकीच्या तेलाची मिल आहे त्यांची, पण माणूस पाणीसुद्धा गाळून पिणारा. सकाळी मंदिरात निघाले होते, ते आमच्या फाटकाशी थबकले, दोन पावलं मागं सरले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

"भारंबेभाऊ, तुमच्या गाडीखाली कोणाचा जीव गेला?"

मी वाकून पाहिलं. बशीएवढा लालभडक डाग होता. बोट लावून वास घेतला. रक्त नव्हतं, तेल होतं. ते बोट मी शेटना दाखवायला गेलो तर त्यांनी मान फिरवली आणि लांबच्या रस्त्यानं मंदिरात गेले. पुढचा महिनाभर ते लांबच्याच रस्त्यानं जात राहिले.

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगत बसत नाही. धुळ्याच्या शांतीलालशेटना ती नकोशी झाली होती आणि मला हवीशी, एवढं पुरे. सत्तावन्न सालची अमेरिकन गाडी, नावेसारखी लांब. शाळेच्या हेडक्लार्कनं एकाहत्तर साली असली गाडी घ्यावी, याचं जळगावात जेवढं हसं व्हायचं तेवढं झालं. मी ते मुकाट्यानं सोसलं, कारण खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

माझा उजवा हात कामाचा नाही. तिसऱ्या वर्षी ताप आला, आणि ताप गेला तो हात घेऊनच गेला. हात आहे, सदऱ्याच्या बाहीत असतो, फोटोत येतो, पण त्याच्याकडून काडीची अपेक्षा करता येत नाही. मी डाव्या हातानं लिहितो, डाव्या हातानं जेवतो आणि अर्ज असे लिहितो की अर्ध्या गावाचे अर्ज माझ्या हातचे असतात. लोक माझ्याशी फार चांगले वागतात. एसटीत कोणीतरी माझी पिशवी घेतं, कोणीतरी जागा देतं. चाळीस वर्षं मी कोणाच्या ना कोणाच्या मागं बसून गावभर फिरलो, आधी सायकलच्या कॅरिअरवर आणि मग स्कूटरच्या मागच्या सीटवर. प्रत्येक पुढचा माणूस न चुकता विचारायचा, "नीट धरलंय ना?" कशानं धरणार, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत घर आलेलं असायचं. चांगुलपणाचा माणसाला किती वीट येऊ शकतो, हे ज्याच्याशी सगळे चांगले वागतात त्यालाच कळतं.

आणि त्या गाडीला पॉवर स्टेअरिंग होतं. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो, तो पंप तेल दाबतो आणि ते तेल चाकं वळवतं. माणसानं नुसतं सुचवायचं. गिअरही आपले आपण पडायचे. तोताराम म्हणून एक ट्रक चालवणारा माणूस आमच्या ओळखीचा होता. सुट्टीच्या दिवशी तो विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यानं मला मेहरूण तलावाकडच्या माळावर नेलं आणि म्हणाला, "सर, एक बोट लावा फक्त."

मी डाव्या हाताचं एक बोट लावलं. ते एवढं लांबलचक लोखंड निमूट वळलं. पेट्रोल संपेपर्यंत मी त्या माळावर गोल गोल फिरत राहिलो. नंतर आम्ही दोघांनी गाडी ढकलत रस्त्यावर आणली. म्हणजे ढकलली तोतारामनं, मी शेजारून चालत होतो. पण त्या दिवशी मला त्याचंही काही वाटलं नाही.

लायसन्ससाठी सरकारी डॉक्टरांचा दाखला लागला. त्यांनी माझा उजवा हात उचलला, सोडला, तो पडला, तशी नोंद केली, आणि खाली लिहिलं, "सदर इसम सदर गाडी सदर स्टेअरिंगमुळे चालवू शकत असल्यास हरकत नाही; प्रत्यक्ष परीक्षेत खात्री करून घ्यावी." शिकाऊ लायसन्स मिळालं. परीक्षा धुळ्याला, मे महिन्यात आणि याच गाडीवर. हातात सहा महिने होते. त्याच आठवड्यात हीरालालशेटना तो डाग दिसला.

गळती पंपाची होती. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं रबराचं एक कडं असतं, त्याला सील म्हणतात. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. ते झिजलं होतं. तोताराम म्हणाला, "काळजी करू नका, तेल टाकून भागवू." तसलं लाल तेल जळगावात मिळेना, म्हणून त्यानं ब्रेकचं तेल ओतलं, तेही लालसरच. गळती एकदम थांबली. मी तोतारामला घरी बोलावून शिरापुरी खाऊ घातली. चार दिवसांनी कळलं की ब्रेकच्या तेलानं रबर फुगतं, म्हणून गळती थांबते, आणि मग ते विरघळतं. पाचव्या दिवशी सील साबणाच्या शेवटच्या तुकड्यासारखं हातात आलं.

आता पंडितनाना आले. नाना आमच्या शेजारचे, भुसावळच्या रेल्वे शेडमधून रिटायर झालेले. तीस वर्षं वाफेच्या इंजिनांवर काढल्यामुळे वाफ नसलेल्या यंत्राबद्दल त्यांना कायम थोडी कीव असते. त्यांनी खुर्ची मागवली, गाडीपुढं मांडली आणि बसल्या बसल्या निदान केलं.

"हे रबर-बिबर पोरखेळ आहे भारंबे. आम्ही दोरी भरायचो. चरबीत भिजवलेली दोरी दांड्याभोवती ठासून भरायची, वरून आवळायचं. मद्रासपर्यंत इंजिन गेलं तरी थेंब नाही."

"पण नाना, हा पंप एवढासा आहे," मी म्हटलं.

"तर दोरीही एवढीशी घ्या."

तोतारामनं दोरी भरली, नानांनी खुर्चीतून "अजून आवळ, अजून" म्हणत आवळायला लावली. गळती थांबली. पंपही थांबला. पट्टा जागच्या जागी घसरायला लागला, त्यातून धूर आला, आणि आमच्या घरातून लताबाई, म्हणजे माझी बायको, पाण्याची कळशी घेऊन धावत आली आणि तिनं ती इंजिनावर रिकामी केली. नाना म्हणाले, "बाई, तापल्या लोखंडावर गार पाणी टाकायचं नसतं." ती म्हणाली, "तापल्या लोखंडापुढं खुर्ची टाकून बसायचंही नसतं." नानांनी आठ दिवस अबोला धरला. त्या सबंध उद्योगात फायद्याचे म्हणावेत असे तेवढेच आठ दिवस.

मग मी ठरवलं की आपण कारकून आहोत, तर कारकुनासारखं वागावं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं की परदेशी सील हवं तर आयातीचा परवाना आणा. परवान्यासाठी मुंबईच्याच एका ऑफिसला रीतसर अर्ज केला. माझ्या हातचा अर्ज, एक काना मात्रा चुकलेली नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं, "सदर भाग देशात तयार होत नाही असा दाखला जोडावा." दाखला देणाऱ्या दुसऱ्या ऑफिसला लिहिलं. त्यांनी कळवलं, "सदर भाग म्हणजे काय याचा बोध होत नाही. नमुना पाठवावा."

आता नमुना म्हणजे ते विरघळलेलं सील. तोतारामनं मध्यंतरी ट्यूबचं रबर चिकटवून ते कसंबसं परत बसवलं होतं आणि गाडी माळापर्यंत जाऊन येत होती. लता म्हणाली, "पाठवू नका. गेलेली वस्तू परत येत नाही." मी तिला सरकारी कामाची पद्धत समजावून सांगितली. सील काढलं, कापसात गुंडाळलं, डबीत घातलं, रजिस्टर पोस्टानं पाठवलं आणि पोच घेतली. एप्रिलमध्ये त्यांचं पत्र आलं. पूर्ण पत्र असं होतं: "आपला नमुना दफ्तरी दाखल करून घेण्यात आला आहे."

मी लिहिलं की नमुना परत करावा, कारण गाडीला तेवढं एकच सील होतं. त्यांनी लिहिलं की दफ्तरी दाखल झालेली वस्तू परत करण्याची तरतूद नाही. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. त्यातलं मराठी निर्दोष आहे, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आयुष्यभर मीही लोकांना असलीच पत्रं लिहीत आलो होतो.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा हीरालालशेट स्वतःहून आमच्याकडे आले. हातात पितळी डबा होता.

"भारंबेभाऊ, मी विचार केला. तेल गळतंय ते गळू दे. पण ते लाल नको. घरातल्या बायका सकाळी दार उघडायला भितात. आमचं सरकीचं तेल घाला. साफ केलेलं आहे, पिवळं आहे. सांडलं तरी कोणाला अपशकुन नाही."

तोताराम म्हणाला, "तेल ते तेल." त्यानं सायकलच्या ट्यूबचं नवं कडं कापून बसवलं आणि वर सरकीचं तेल ओतलं. आणि काय सांगू, गाडी चालली. गळत होती, पण थेंब थेंब. मी रोज शाळा सुटल्यावर माळावर जाऊन इंग्रजी आठचा आकडा काढायचो. फक्त पंप तापला की गाडीतून भजी तळल्याचा वास यायचा. माळावर गुरं राखणारी माणसं वासानं जवळ यायची आणि निराश होऊन परत जायची.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. तोताराम गाडी चालवत होता, मी शेजारी आणि लता मागं, कारण धुळ्याला तिची मावशी आहे आणि नवऱ्याच्या यशाच्या वेळी आपण तिथं असावं असं तिला वाटत होतं. एरंडोलपर्यंत भज्यांचा वास होता. पारोळ्याला तो करपल्या भज्यांचा झाला. धुळ्यात शिरताना पंप कण्हायला लागला, म्हाताऱ्या माणसाला कोणी उठवून बसवावं तसा. तोतारामनं डब्यातलं उरलेलं तेल ओतलं. मे महिन्यातलं धुळं, अकरा वाजलेले. ते तेल आत जाऊन चिकट राळेसारखं झालं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मैदानात चार रिकामे ड्रम मांडलेले होते. साहेब झाडाखाली टेबल घेऊन बसले होते. त्यांनी माझा दाखला वाचला, माझ्या बाहीकडं पाहिलं, पुन्हा दाखला वाचला.

"चालवून दाखवा."

मी बसलो. शेजारी साहेब बसले. गाडी सुरू झाली, सरळ पुढं गेली. पहिल्या ड्रमपाशी मी डाव्या हातानं स्टेअरिंग फिरवलं. ते वीतभर फिरलं आणि थांबलं. मी जोर लावला. पंपानं एक लांब उसासा टाकला आणि त्यानंतर तो काही बोलला नाही. गाडी ड्रमला लावून, ड्रम पुढं ढकलत, मी ती टेबलापासून हातभर अंतरावर थांबवली. टेबलामागचा शिपाई तोवर झाडामागं गेला होता.

मी साहेबांना सांगितलं की हा माझ्या हाताचा दोष नाही, स्टेअरिंगचं तेल गेलंय. ते म्हणाले, "सरका." मी खाली उतरलो. साहेबांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, पाय रोवले, लाल झाले, टोपी काढून ठेवली, पुन्हा धरलं. गाडी तसूभर वळली नाही. शेवटी ते उतरले, रुमालानं मान पुसली आणि टेबलाशी जाऊन लिहायला लागले. मी उलटं वाचायला शिकलेला कारकून. मला ते वाचता आलं: "अर्जदाराच्या हातात पुरेसे बळ नाही. नापास."

"साहेब," मी म्हटलं, "ते तुमच्याच्यानंही वळलं नाही."

"माझ्याकडे लायसन्स आहे," साहेब म्हणाले.

त्यांनी माझं शिकाऊ लायसन्स ठेवून घेतलं आणि सांगितलं की पुन्हा स्टेअरिंगवर दिसलात तर गाडी जप्त होईल आणि शाळेला पत्र जाईल. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "भारंबे, तुम्ही सुशिक्षित माणूस आहात. ड्रायव्हर ठेवा ना. कशाला त्रास करून घेता?" ते चांगलेच होते. मी म्हटलंच आहे, लोक माझ्याशी फार चांगले वागतात.

तोतारामला दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन जायचं होतं. तो एसटीनं परत गेला. गाडी ढकलत एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या टपरीत लावली. नथ्थू मिस्त्री त्यांचं नाव. आयुष्यभर कापसाच्या प्रेसमध्ये यंत्रं सांभाळलेला माणूस. त्यांनी पंप उघडला, आत बोट घातलं, वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, यान्हामा काय टाकेल शे?"

"सरकीचं तेल."

"आनि त्याना पहिले?"

"ब्रेकचं."

"आनि हाई दोरी?" आत अडकून राहिलेला एक धागा ओढत त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. रेल्वे, मुंबई, दफ्तर, सगळं. ते हसले नाहीत. पंप रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले, "गाडीनं काहीच बिघडेल नव्हतं. एक सील गयं व्हतं. बाकी बठ्ठं दुरुस्त करनारासनी बिघाडेल शे."

मग त्यांनी जुन्या चामड्याचा एक तुकडा काढला, तो तेलात भिजत घातला, लेथवर पितळेची कडी कातली आणि दोन दिवसांत चामड्याचं सील बसवून दिलं. आत प्रेसच्या यंत्रात घालतात ते पातळ तेल भरलं. खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर इंजिन चालू ठेवलं. कागद कोरडा राहिला. मी त्या कागदावरची जाहिरात पूर्ण वाचली, तरी कोरडा राहिला. "फिरवी पाहा," मिस्त्री म्हणाले. मी एक बोट लावलं.

सहा महिने जे जळगावात, मुंबईत आणि अर्जांत झालं नाही ते दोन दिवसांत एका म्हाताऱ्यानं केलं. परीक्षेच्या आधी त्याच्याकडे जावं, असं आम्हाला सांगणारं मात्र कोणी भेटलं नव्हतं. सल्ले देणारे तेवढे भेटले.

आता गाडी जळगावला न्यायची होती. मावशी म्हणाली, उद्या ड्रायव्हर बघू. सकाळी लतानं डबा भरला, गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर, शेजारी, जाऊन बसली. मी तिच्याकडं पाहिलं.

"उन्हं चढायच्या आत निघू," ती म्हणाली.

साठेक मैलांचा रस्ता. त्या रस्त्यात काही झालं नाही. विनोदी गोष्ट सांगणाऱ्यानं असं म्हणू नये, पण खरंच काही झालं नाही. पारोळ्याच्या बाजारात बैलगाड्यांची गर्दी होती, मी हॉर्न दिला, त्या बाजूला झाल्या. एका एसटीवाल्यानं हात दाखवून मला पुढं जाऊ दिलं. त्याला माझी बाही दिसत नव्हती, त्यामुळे तो माझ्याशी चांगला वागला नाही, बरोबरीनं वागला. एरंडोलच्या अलीकडे लता एकदा म्हणाली, "जरा हळू." मी हळू घेतली. थोड्या वेळानं पाहिलं तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या भरवशावर कोणी झोपल्याचं मला आठवत नाही. त्यानंतरचे सगळे खड्डे मी चुकवले.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळटळत होती. बोळात चिटपाखरू नव्हतं. मी गाडी लावली, आम्ही आत गेलो, पाणी प्यायलो.

चारच्या सुमारास बाहेर आवाज आले. पंडितनाना आणि हीरालालशेट गाडीभोवती फिरत होते. शेटनी वाकून खाली पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. मी ओट्यावर गेलो. मला सांगायचं होतं. जन्मात एकदा, साध्या शब्दांत, काही विशेष नाही अशा थाटात सांगायचं होतं.

"आलात का?" नाना म्हणाले. "परीक्षेचं कळलं आम्हाला तोतारामकडून. फार वाईट झालं. तुमचा ड्रायव्हर कुठाय?"

मी तोंड उघडलं. साहेबांचं बोलणं आठवलं, शाळा आठवली, आणि हेही आठवलं की नानांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत भुसावळला पोचतं. तेवढ्यात लता चहा घेऊन बाहेर आली.

"स्टेशनवर उतरला तो," ती म्हणाली. "त्याला रेल्वे धरायची होती."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला ते जड गेलं असतं.

"धुळ्याचा होता का?" शेटनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

नाना पुन्हा गाडीकडं गेले. मागचं चाक पाहिलं, पुढचं चाक पाहिलं, भिंत आणि गाडी यांच्यामध्ये हात घालून अंतर मोजलं. मग ओट्याशी येऊन त्यांनी चहाचा कप उचलला.

"माणूस हुशार आहे. एवढं लांब धूड या बोळात आणलं, आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडून कसं सरळ लावलंय. तीस वर्षं ड्रायव्हर पाहिलेत मी, हात कळतो आपल्याला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "असा माणूस सोडू नका भारंबे. ठेवून घ्या. तुमची मोठी सोय होईल."

"बघतो," मी म्हटलं.